दुखानहून परत आलेले डबे

बाबांना मत देता येत नव्हतं, म्हणूनच त्यांना मतांचं एवढं वेड होतं. मत द्यायचं तर नाशिकला जायला हवं, आणि तिकडची निवडणूक नेमकी इकडे प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवायच्या दिवसांत यायची. त्या दिवसांत रजा मागणारा एक तर खुळा असतो नाहीतर साहेबाचा जावई, असं बाबा म्हणत. मग दोहातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून ते मराठी वाहिन्यांवरच्या मतचाचण्या बघत बसत. गॅस प्रकल्पात ते प्लॅनिंग इंजिनिअर होते. कुठलं काम कधी संपेल याचे अंदाज बांधणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि ते अंदाज सहसा खरे ठरत नसत हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी टीव्हीवर कुणी आकडे सांगायला लागलं की ते पडद्याकडे बोट रोखून ओरडत, "अरे, विचारलंत किती जणांना ते सांग आधी!" आई स्वयंपाकघरातून म्हणे, "त्याला ऐकू जात नाही, शेजारच्या केरळी बाईंना जातं." शुक्रवार सकाळचा हा ठरलेला कार्यक्रम. पोह्यांच्या फोडणीचा वास, एसीची घरघर आणि बंद खिडकीपलीकडे मेट्रोच्या खोदकामाची धडधड. ती धडधड इतकी अंगवळणी पडली होती की सुट्टीत नाशिकला गेल्यावर मला पहिले काही दिवस झोपच येत नसे.

त्या वर्षांत दोहामध्ये प्रत्येक गोष्ट एक तर फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी व्हायची होती, नाहीतर नंतर. रस्ते उकरलेले होते. या आठवड्यात डावीकडे वळणारा रस्ता पुढच्या आठवड्यात उजवीकडे वळायचा आणि बाबा स्टिअरिंगवर हात आपटून "खलास! हाही बंद!" म्हणायचे. आमच्या मराठी मंडळालाही वर्ल्ड कपचं वारं लागलं होतं. वर्ल्ड कपच्या वर्षी सगळ्या देशांच्या मंडळांना कुठे ना कुठे नाचायला-गायला बोलावणार, आमचं लेझीम पथक साऱ्या जगासमोर जाणार, आणि तेव्हा अध्यक्ष म्हणून पुढे कोण उभं राहणार, हा प्रश्न फार आधीपासून सगळ्यांच्या डोक्यात शिरला होता. एरवी अध्यक्षपद म्हणजे गणपतीच्या मांडवात खुर्च्या मोजायचं काम. ते गळ्यात पडू नये म्हणून लोक सभेला उशिरा येत. पण त्या निवडणुकीला पहिल्यांदाच दोन जण उभे राहिले. एक आमचे बाबा, सुहास गायधनी. दुसरे वैद्यकाका, जे फारसं बोलत नसत आणि ज्यांची बायको नीलाकाकू दोघांच्या वाटचं बोलत असे.

मंडळाचा एक नियम होता: एक कुटुंब, एक मत. नवराबायकोनं घरी काय ते भांडून घ्यायचं आणि सभेला येऊन एकच चिठ्ठी टाकायची. बाबांनी पहिल्या आठवड्यातच आपली मतचाचणी सुरू केली. फोनवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभं राहून. त्यांचा निष्कर्ष असा निघाला की शहरातली घरं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. नाशिक-मुंबईकडची बहुतेक आपली, पुण्याची बहुतेक वैद्यांची. उरलं दुखान. पश्चिमेच्या किनाऱ्यावरची जुनी तेलनगरी, कंपनीचे बंगले, दारात बाग, आणि तिथे राहणारी मूठभर मराठी कुटुंबं, जी अजून कुणाकडेच झुकलेली नव्हती. "ते आपलं स्विंग स्टेट," बाबा म्हणाले. अमेरिकेच्या निवडणुकीतला हा शब्द त्यांनी नुकताच उचलला होता आणि तो उच्चारताना त्यांचा चेहरा असा खुले, जणू दुखान त्यांनीच शोधून काढलं असावं.

मला त्या निवडणुकीचं काडीचं कौतुक नव्हतं. मला बाबा हवे होते. सोळाव्या वर्षी मुलीला वडील हवे असतात असं कुणी उघड बोलत नाही, पण मला हवे होते. मृणाल येण्याआधी आमचा एक रिवाज होता. शुक्रवारी संध्याकाळी बाबा फक्त मला घेऊन जुन्या बाजारात, सूक वाकिफला, जायचे. आईला मसाल्याच्या वासानं शिंका येत, म्हणून ती यायची नाही. आम्ही हळकुंडं, सुकी लिंबं असलं काहीतरी घ्यायचो, मग एका कोपऱ्यात बसून करक, म्हणजे आटवलेल्या दुधाचा कडक चहा, प्यायचो आणि बाबा मला प्लांटमधल्या गमती सांगायचे. ते मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तरं द्यायची. आमच्या दोघांचं त्यात काही अडत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग मृणाल आली. मोठ्या काकांची मुलगी, सिन्नरची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारावी झाली होती, पुढचं ठरत नव्हतं, तेव्हा काकांनी तिला व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे पाठवलं. कारण काय, तर मीराच्या संगतीत पोरीचं इंग्रजी सुधारेल. मीरा म्हणजे मी. विमानतळावर ती एक मोठी बॅग आणि दोरीनं बांधलेला पापडांचा खोका घेऊन उभी होती. वाकून बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, किती वाळलात हो तुम्ही!" बाबांचं पोट तेव्हा शर्टाच्या बटणांशी झगडत होतं. पण बाबा विरघळले. मी तिथेच उभी होते. मला पहिल्यांदा पोटात जे दुखलं ते तेव्हा, सामानाच्या ट्रॉलीमागे.

तिचं इंग्रजी सुधारलं नाही, कारण तिच्याशी इंग्रजीत बोलायची वेळच कुणावर आली नाही. आली त्या दिवसापासून घरात मराठीचा सुकाळ झाला. ती भाजी निवडताना ओव्या म्हणायची, बाबांच्या विनोदांवर वेळेवर हसायची, आणि बाबांनी अर्धवट सोडलेली म्हण पुरी करायची. बाबा म्हणायचे, "उथळ पाण्याला," आणि ती लगेच, "खळखळाट फार!" बाबा टाळी द्यायला हात पुढे करायचे. मी एवढी वर्षं त्या घरात होते, पण बाबांना टाळी द्यायला कुणी हवं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या शुक्रवारी सूक वाकिफला आम्ही तिघं गेलो. ते दोघं पुढे, दुकानांच्या पाट्यांवरून काहीतरी खुसखुसत, आणि मी मागे पिशवी धरून. चहाच्या कोपऱ्यात खुर्च्या दोनच होत्या. तिसरी आणायला मलाच उठावं लागलं. 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती मृणालच्याच तोंडून, कुण्या सिन्नरच्या वहिनीबद्दल. तिला कल्पना नव्हती की समोर बसून मी ती मनातल्या मनात तिलाच चिकटवते आहे.

आता आम्ही दोघी मोठ्या झालो. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि लोकांना आम्ही सख्ख्या बहिणी वाटतो. पण फोनवर तिचं नाव दिसलं की आधी मी तो दोनदा वाजू देते, आणि मग प्रेमानं "हॅलो" म्हणते. दोन्ही खरं आहे. मत्सर वयानं जातो असं जे म्हणतात त्यांना तो कधी नीट झालेलाच नसतो.

दुखानच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा गाडीत बाबा, पुढच्या सीटवर आई, मागे आम्ही दोघी, आणि आमच्या मध्ये फळांची करंडी. शहर संपलं की दोन्ही बाजूंना सपाट पिवळी जमीन, मध्येच एखादं उंटांचं कुंपण, लांबवर गॅसच्या ज्वाळा. कंपनीच्या गेटवर यजमानांनी आमची नावं आधीच देऊन ठेवलेली असत. आत गेलं की एकदम हिरवळ, बोगनवेल, आणि कुठल्यातरी घरातून येणारा वेलदोड्याचा वास. एवढे पाहुणे दुखाननं कधी पाहिले नव्हते. एका शुक्रवारी आम्ही, दुसऱ्या शुक्रवारी वैद्य, आणि प्रत्येक घरी श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, गरमगरम भजी. आपण मोलाचे झालो आहोत हे त्या मंडळींना चांगलंच कळलं होतं आणि त्याची ती मनसोक्त मजा घेत होती.

सगळ्यांत मोठी बैठक सावंतकाकांकडे भरायची. सावंत मालवणकडचे, तेलविहिरींवर उभी हयात गेलेली. त्यांचे शेजारी देशमुखकाका लातूरचे, सुरक्षा विभागात. जेवणं झाली की हॉलमध्ये सुपारी फिरायची आणि मतचाचण्यांची चर्चा सुरू व्हायची. आधी नाशिक-लातूरच्या, मग मंडळाच्या.

"काय म्हणतंय तुमचं दोहा?" देशमुखकाका विचारायचे. "कुणाकडं झुकायलंय?"

"निम्मं-निम्मं," बाबा नम्रपणे सांगायचे. "सगळं तुमच्या हातात आहे."

"मागच्या शुक्रवारी वैद्यबी हेच म्हणले की!"

"आणि काय सांगतले?" सावंतकाका खुर्चीत रेलून हसायचे. "त्येंच्या चाचणीत दुखान त्येंचा, तुमच्या चाचणीत दुखान तुमचा. आमका कोणी इचारल्यानीच नाय, आमी खंयचे ते!"

"मग आज विचारतो की," बाबा पुढे सरकून बसत. "तुमचं मत काय, सावंतसाहेब?"

"आमका दोघय सारकेच," सावंतकाका म्हणायचे आणि पानाच्या डब्यात बोटं घालायचे. देशमुखकाका मात्र मोकळेपणानं म्हणायचे, "तुम्ही आलाव, जेवलाव, अजून काय पाहिजे? तुमचंच समजा." बाबा माझ्या अंगावरून मृणालकडे बघायचे आणि भुवया उडवायचे. एक मत पक्कं.

मृणालनं तिथे काय केलं नाही ते विचारा. देशमुखकाकूंशी ती भाकरीच्या पिठावर बोलली, सावंतकाकांना मालवणी शब्द विचारून हसवलं, कुणाच्या तरी लहान मुलीला अंगाई म्हणून झोपवलं. घराघरात एकच वाक्य: "किती गोड बोलते हो तुमची पुतणी!" आणि मग, माझ्याकडे वळून, जरा मोठ्यानं आणि सावकाश, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, "तुला मराठी समजतं ना बाळा?" मी मान हलवायची. समजत तर होतंच, सगळं समजत होतं, तोच त्रास होता. हॉलमध्ये बसवेना म्हणून मी आईच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. ताटं पुसायला मदत करते असं दाखवून.

तिथे मला ते दिसलं. आपल्याकडे स्टीलची भांडी नाव घालून घेतात हे सांगायला नको. गावाकडच्या दुकानात मशीनची सुई थरथरवत कुणीतरी बाईचं नाव कोरून देतो आणि ते भांडं मग जन्मभर त्या बाईचं राहतं, मग ते कुणाच्याही घरात असो. मी देवनागरी सावकाश वाचायची, अक्षर अक्षर लावून, त्यामुळे रिकामी बसले की वाचत बसायची. सावंतकाकूंच्या फडताळात एका डब्याच्या झाकणावर लिहिलं होतं: सौ. नीला वैद्य. देशमुखांच्या ओट्यावर ताकाचं पातेलं: सौ. नीला वैद्य. त्याच्या पुढच्या घरात चिवड्याचा उभा डबा, आणखी एका घरात पुरणाची वाटी. जिथे जावं तिथे नीलाकाकूंची भांडी, सध्याची, वापरातली, आत काहीतरी असलेली. वैद्य बरीच वर्षं दुखानलाच राहायचे आणि मुलांच्या शाळेपायी दोहात आले, हे आम्हाला माहीत होतं. बाबांच्या हिशोबी ती जुनी गोष्ट झाली होती. पण बाबा स्वयंपाकघरात जात नसत.

 मला वाटलं, आता माझी पाळी. बाबांच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा मोठी चाचणी माझ्या हाती लागली होती, आणि ती मृणालला माहीत नव्हती. परतीच्या वाटेवर, गाडी गेटबाहेर पडल्या-पडल्या, मी पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं घालून सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं जे काय येत होतं त्यात. "बाबा, लिसन. सगळ्यांच्या किचनमध्ये नीलाकाकूचे डबे आहेत. ऑल ऑफ देम. नाव आहे वर."

 बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "अरे वा! हे माझ्या लक्षातच आलं नाही. डबे! डबे जायला हवेत आपले. प्रत्येक घरी." माझी छाती फुगली. आई म्हणाली, "अहो, डबे असे पाठवायचे नसतात, ते आपोआप जात असतात," पण बाबा पुढचं बोलून गेले होते. "मृणाल, तुला करंज्या येतात ना? तू आणि काकू मिळून करा. आणि वर नाव तूच लिही, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे." मी मागे टेकून बसले. फळांची करंडी आता रिकामी होती आणि तरी आमच्या दोघींच्या मध्येच होती. मृणालनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "भारी डोकं चालवलंस गं." मला ते कौतुक बाबांकडून हवं होतं. तिच्याकडून मिळालेलं मी खिडकीबाहेर बघून परत केलं.

सूक वाकिफमधून बाबांनी एकसारखे कोरे डबे आणले, एका पुठ्ठ्याच्या पेटीत भरून. इकडे नाव घालणारं कुणी नव्हतं, म्हणून मृणालनं पक्क्या शाईच्या पेननं प्रत्येकावर 'गायधनी' लिहिलं, शेवटच्या वेलांटीला छान झोका देऊन. तीन दिवस घरात खोबरं आणि तुपाचा वास होता. मला मोदकपात्र घासायचं काम होतं, ज्यात त्या वेळी काहीच शिजत नव्हतं. आईनं मला उगाच गुंतवलं असणार. करंज्यांच्या कडा मृणाल कातण्यानं न कापता बोटांनी मुरड घालून बंद करायची. बाबा ऑफिसमधून आले की आधी स्वयंपाकघरात यायचे, एक करंजी उचलायचे, आणि म्हणायचे, "स्विंग स्टेट गेलंच आता खिशात." इतकी वर्षं न दिसलेलं स्वयंपाकघर त्यांना तिच्यामुळे दिसायला लागलं होतं.

डबे गेले आणि आठवड्याच्या आत सगळे परत आले. कुणी दोहाला खरेदीला आलेल्या शेजाऱ्याबरोबर पाठवले, कुणी स्वतः येऊन दारात दिले, आतही न येता, "घाईत आहोत, इन्शाल्ला पुन्हा येऊ" म्हणून. एकही रिकामा नव्हता. बेसनाचे लाडू, शंकरपाळी, शेव, सावंतांकडून खाजा. डायनिंग टेबलावर रास पडली. घासून घासून मृणालची मोत्यांची अक्षरं बहुतेक डब्यांवरून निघून गेली होती. बाबा लाडू हातात घेऊन टेबलाभोवती फिरत होते, दिवाळीच्या दिवशी फिरतात तसे. "शंभर टक्के प्रतिसाद! कुठल्या चाचणीला मिळतो सांगा मला. एक डबा रिकामा आला नाही."

आई ओट्याशी डबे कोरडे करत होती. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले. तिनं आवाज खाली आणला. "रिकामा कसा येईल? रिकामा डबा कुणी परत करतं का? ते तर शत्रूच्या घरीसुद्धा करत नाहीत." मग एका डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आपल्या माणसाचा डबा कसा असतो माहितेय? महिनोन् महिने पडून राहतो. देऊ, देऊ म्हणतात, मग त्यात दुसरंच काही ठेवतात, मग तो त्यांच्याच घरचा होऊन जातो. लगेच परत येतो तो डबा म्हणजे हात जोडून सांगणं असतं, की बाई, तुमचं देणं आमच्या अंगावर नको." मी म्हणाले, "बाबांना सांग ना." आई म्हणाली, "हौस त्यांची आहे. मी कशाला विरजण घालू?"

आईनं घातलं नाही, म्हणून मी घातलं. रात्रीच्या जेवणाला मी म्हणाले, "बाबा, डबे फार लवकर आले. दे डोन्ट वॉन्ट टु कीप इट." बाबा हसून म्हणाले, "लवकर म्हणजे उत्साह!" थोड्या वेळानं मी पुन्हा म्हणाले, "नीलाकाकूचे डबे परत जात नाहीत. आपलेच आले." पण तेव्हा बाबांनी मृणालला सभेत आपली ओळख करून देण्यासाठी काय बोलायचं ते सांगायला सुरुवात केली होती आणि तोंडात लाडू होता. दोन्ही उमेदवारांची ओळख घरच्या कुणीतरी करून द्यायची असं ठरलं होतं. मला ते बोलायचं होतं. मी आरशासमोर एकटीच तयारीही केली होती: 'माझे बाबा' इथून सुरुवात करून. मृणालची सुरुवात 'आमचे काका' अशी होणार होती, आणि ती माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगली होणार होती, हे मला माहीत होतं. मला विचारलंच गेलं नाही, ही गोष्ट निराळी. मृणालनं त्या वेळी माझ्याकडे पाहिलं. तिनं माझं बोलणं ऐकलं होतं. सिन्नरच्या मुलीला डब्यांचं शास्त्र काय कुणी शिकवायला हवं? पण ती पाहुणी होती, आणि काका आनंदात होते.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. दुखानची मंडळी रांगेनं आपापल्या गाड्यांतून आली, सगळी एका बाजूला बसली, आणि त्यांच्यामध्ये नीलाकाकू, या बाईचा हात धर, त्या मुलाच्या गालाला हात लाव, अशा हिंडत होत्या. मृणाल सुंदर बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, देशमुखकाकांनी तर सगळ्यांत जास्त. वैद्यांची ओळख त्यांच्या मुलानं करून दिली, अडखळत, निम्मी इंग्रजीत, आणि मध्येच विसरला तेव्हा दुखानच्या बायकांनी खालून त्याला शब्द पुरवले. ते बघताना मला त्याचाही मत्सर वाटला. अडखळायला तरी मिळालं त्याला. मग घराघरातून एकेकानं पुढे जाऊन चिठ्ठी टाकली. देशमुखकाका पेटीपाशी आमच्याकडे न बघता गेले आणि आमच्याकडे न बघता परत आले. आईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं की तिलाही कळलं.

बाबा पडले. शहर खरंच निम्मं-निम्मं झालं होतं, त्यांचा तो अंदाज अचूक ठरला. दुखान एक घर वगळता सगळं तिकडे गेलं. ते एक घर कुठलं हे आम्हाला कधी समजलं नाही. बाबांनी स्टेजवर जाऊन वैद्यकाकांना मिठी मारली, हसले, फोटो काढून घेतला, आणि बाहेर पार्किंगमध्ये येईपर्यंत हसतच राहिले. गाडीपाशी आल्यावर त्यांचा चेहरा उतरला. किल्ली हातात धरून ते नुसते उभे राहिले. "प्रत्येक घरानं हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "प्रत्येक घरानं. मग चुकलं कुठे?"

मृणालला रडू फुटलं. आपलं भाषण कमी पडलं असं तिला खरंच वाटलं असावं. बाबांनी तिला जवळ घेतलं, खांद्यावर हात ठेवला, थोपटलं. "वेडी आहेस का? तुझ्यामुळेच तर एवढी मतं पडली." माझे वडील, हरलेले, आणि त्यांचा हात कुठे. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, मध्ये तापलेला पत्रा. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

मग मृणालनं डोळे पुसले आणि म्हणाली, "काका, मीरानं सांगितलं होतं. डबे लवकर परत आले म्हणून. जेवताना सांगितलं होतं तिनं. तुमचं लक्ष नव्हतं."

बाबा वळले. किती महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, पूर्ण, दुसरं काहीही न बघता. ज्यासाठी मी फडताळांतली नावं अक्षर लावून वाचली होती, ते हे. आणि तेही तिनंच आणून हातात ठेवलं होतं. मी हिसकावून घेतलेलं नव्हतं, मला मिळालेलंही नव्हतं, तिनं मला ते दिलं होतं. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा तिनं माझं काही घेतलं तेव्हाही आला नव्हता.

"तू म्हणाली होतीस?" बाबांनी विचारलं. "खरंच? मला कसं ऐकू आलं नाही?"

 मी म्हणाले, "दोनदा म्हणाले होते, बाबा. पहिल्यांदा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा तुमच्या तोंडात लाडू होता. तुम्ही सगळ्या दुखानला विचारत फिरलात, आणि मला एकदासुद्धा विचारलं नाहीत."

 पलीकडे कुणाची तरी गाडी सुरू झाली. बाबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले, आणि मग, त्या पडलेल्या चेहऱ्यावर, हळूहळू, त्या दिवसातलं पहिलं खरं हसू आलं. माझ्याही मनानं क्षणभर उभारी घेतली.

"बघितलंस मृणाल?" ते म्हणाले. हात अजून तिच्या खांद्यावरच होता. "तुझ्या सहवासात हिचं मराठी किती सुधारलं!"

मी दार उघडून मागच्या सीटवर बसले आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाही, कुठल्याच भाषेत.